फवारा न मागणारी पिकं

माझी धाकटी बहीण पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते. शाळेत विज्ञान शिकवते, घरात दोन मुलं आहेत आणि घरखर्चाची वही तीच लिहिते. मामी निफाड तालुक्यातली. तिचं सगळं आयुष्य द्राक्षबागेत गेलं. आता बाग मुलगा बघतो आणि मामी विहिरीकडच्या तुकड्यात औषध न मारता भाजी पिकवते. दोघी भेटल्या की जेवणावरून वाद होतोच. मामीचं म्हणणं, विष घालून पिकवलेलं खाऊ नका. धाकटीचं म्हणणं, सेंद्रिय खाणं ही पैसेवाल्यांची चैन आहे, आमच्यासारख्यांनी आधी पुरेसं आणि चौरस खावं. या वादात मला माझं मत आहे आणि ते मी मधूनमधून सांगणार आहे. पण आधी त्या दोघींचं ऐका.

धाकटी : मामी, तुम्ही म्हणता सगळं सेंद्रिय घे. मग हिशोबच मांडते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराच्या नव्या सूचना काढल्या. मोठ्या माणसाला दिवसाला 400 ग्रॅम भाज्या, त्यात पालेभाज्या आल्या. 100 ग्रॅम फळं. 85 ग्रॅम डाळी आणि कडधान्यं. आम्ही चौघं, मुलांचं थोडं कमी धरलं तरी रोज दीड किलो भाजी लागते. महिन्याला 45 किलो. डाळी-कडधान्यं 9 किलो. माझ्या वहीत डाळी चार-साडेचार किलो आहेत. म्हणजे आत्ताच निम्म्यावर आहोत. त्यात दीडपट-दुप्पट भावाने सेंद्रिय घ्यायला लागले तर ताटातली भाजी वाढेल का घटेल?

मामी : घटेल.

धाकटी : मग झालं तर.

मामी : झालं कसं? तू ताटाचा हिशोब मांडलास, शिवाराचा राहिला. गोडी छाटणी झाली की चार महिने बागेत ब्लोअर फिरतो. आभाळ आलं की डाऊनी रोग, थंडी पडली की भुरी. पाऊस पडून गेला तर रात्रीचं उठून औषध मारायचं. तुझ्या मामांचं डोकं धरायचं, डोळे चुरचुरायचे, घास उतरायचा नाही. हे झालं द्राक्षाचं. आणि कपाशीवाल्यांचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. शेतकरी होते, रोजाने आलेले मजूर होते. कपाशी माणसाच्या डोक्याला लागलेली, फवारा तोंडावरच यायचा. खाणाऱ्याच्या पोटात किती जातं ते तुम्ही मोजता. मारणाऱ्याच्या छातीत किती जातं?

धाकटी : ते मी नाकारतच नाही. पण कपाशी मी खात नाही. आणि मी दुप्पट भावाने पालक घेतला म्हणून यवतमाळच्या मजुराला मास्क मिळत नाही. ते काम सरकारचं आणि कंपन्यांचं. माझ्या पाकिटातून ते होणार नाही.

तिचा हा मुद्दा बिनतोड वाटतो, पण शेत आणि मंडई वाटतात तेवढी लांब नाहीत. यवतमाळच्या प्रकरणात ज्या औषधांची नावं पुढे आली त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं. भाजीपाल्यावर ते मारायला 2005 पासून बंदी होती, कपाशीवर चालत होतं. दुकान एकच, बाटली एकच, आणि कपाशीवाल्याच्या बांधाला मिरची-वांग्याच्या चार सऱ्याही असतात. बाटलीवर एक पीक छापलेलं आणि पंपासमोर दुसरंच उभं, हे बघायला तिथे कुणी नसतं. म्हणून मजुराचा श्वास आणि आपली भाजी हे दोन वेगळे प्रश्न मला वाटत नाहीत.

धाकटी : बरं, पोटाचंच बोलू. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये शेकडो अभ्यास एकत्र तपासले. सेंद्रिय अन्न जास्त पौष्टिक असतं, असा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही.

मामी : आणि औषधाचं?

धाकटी : कीडनाशकांचे अंश सेंद्रिय मालात कमी सापडले. पण साध्या मालातही ते बहुतेक ठिकाणी मर्यादेच्या आत होते.

मामी : मर्यादा पाळतो कोण, तेही बघ. परदेशी जाणारी द्राक्षं तपासल्याशिवाय जात नाहीत. 2010 साली सीसीसी या वाढनियंत्रकाचा अंश सापडला म्हणून युरोपात आपला माल अडकला, किती बागायतदार बुडाले. तेव्हापासून तर फारच कडक झालं. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात त्यासाठी प्रयोगशाळा आहे. कुठलं औषध चालतं, शेवटचा फवारा आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे, याचा तक्ता निर्यातवाल्याच्या घरात भिंतीला लावलेला असतो. ते दिवस पाळले की अंश उतरतो. तुझ्या कोपऱ्यावरच्या वांग्याचा तक्ता कुणाच्या भिंतीवर आहे?

धाकटी : म्हणजे तुमची तक्रार औषधावर नाही, दिवस न पाळण्यावर आहे.

मामी : दोन्हींवर आहे. पण दिवस पाळता येतील का, ते पिकावर असतं ना गं. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते, कुणी घेत नाही. आणि कीड तर तोडणी चालू असतानाच येते. आज औषध मारलं आणि सात दिवस थांब म्हटलं, तर सात दिवसांची भेंडी टाकून द्यायची? वांग्याचं तसंच. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी आत शिरली की वरून काही दिसत नाही, म्हणून माणूस आधीच मारत सुटतो. मिरची, टोमॅटो, ढोबळी, फ्लॉवर, सगळी याच वाटेची. शेतकरी वाईट आहे असं नाही. किडका माल मंडईत उभा करत नाहीत आणि तुम्हीही चकाकणारंच वांगं उचलता.

त्या दिवशी झालेल्या बोलण्यात ‘दिवस पाळता येतील का, ते पिकावर असतं’ हे वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं. आपण सेंद्रिय आणि साधं अशा दोन दुकानांत विचार करतो. मामी पिकांचा स्वभाव बघते. जे पीक रोज तोडायचं आणि रोज विकायचं, त्यावर फवारा जास्त आणि थांबायला सवड कमी. जे एकदाच काढायचं आणि वर्षभर ठेवायचं, किंवा जे मुळातच काटक आहे, त्याला फवारा फारसा लागतच नाही. आणि अशी बरीच पिकं स्वस्तात मिळतात. माझं मत इथेच पक्कं झालं. कमी पैशांत सेंद्रिय खायचं असेल तर शिक्क्याच्या आधी पीक निवडावं.

मामी : सोलापूरकडची रब्बी ज्वारी घे. मंगळवेढ्याची मालदांडी. पावसाळा संपताना पेरतात आणि काळ्या रानातल्या ओलीवर ती निघते. पाणी नाही, खत बेताचं, औषध क्वचित. तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. तिच्यावर सेंद्रियचा शिक्का नसला तरी ती दुकानातल्या कितीतरी शिक्केवाल्या मालाच्या जवळ बसेल. तसंच हुलगा, मटकी, नाचणी, वरई. डोंगरउतारावरच्या नाचणीला कोण औषध मारतं? मारायला पैसे कुणाकडे आहेत?

धाकटी : आणि तूर? डाळीत निम्मी तर तूरच असते आमची.

मामी : तुरीला मारतात. फुलोऱ्यात शेंगा पोखरणारी अळी येते. पण दाणा शेंगेत असतो आणि वरचं टरफल डाळ करताना जातं. तूर खा, पण रोज तूरच कशाला? दोन दिवस हुलगा, दोन दिवस मटकी, एक दिवस मसूर. हुलग्यात प्रथिनं तुरीएवढीच आहेत.

धाकटी : साधारण 22 टक्के. नाचणीत कॅल्शियम 100 ग्रॅमला 350 मिलिग्रॅमच्या आसपास, दुधाच्या तिप्पट धरा. बरोबर आहे. भाज्यांचं सांगा.

मामी : लाल भोपळा, दुधी, सुरण, रताळं, अळू, राजगिरा, अंबाडी, चाकवत. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, करटोली, भारंगी. शेवळं मिळाली तर काकडाची फळं घालून कर, नाहीतर घसा खाजतो. ऑगस्टमध्ये कृषी खात्याचे रानभाज्या महोत्सव भरतात, तिथे आदिवासी बाया स्वतः विकायला येतात. कशी करायची तेही त्याच सांगतात.

धाकटी : पण फवारा नसला म्हणजे स्वच्छ, असं नाही हं मामी. मुंबईत रुळांच्या कडेला सांडपाण्यावर पालेभाजी पिकते. तिच्यावर औषध एक वेळ नसेल, पण त्या पाण्यातून शिसं आणि बाकीचे जड धातू येतात, ते धुऊन जात नाहीत. पुण्यातही नाल्याकाठचं असं आहेच.

मामीने हे लगेच मान्य केलं आणि मलाही ते नोंदवायलाच हवं. भाजी कुठल्या पाण्यावर वाढली हे विचारणं, फवारा विचारण्याइतकंच गरजेचं आहे. धुण्याबद्दलही गैरसमज फार. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुतलं की वरवरची माती, जंतू आणि औषधाचा काही भाग जातो. कोबीची बाहेरची पानं काढून टाकली, भोपळ्याची साल काढली की आणखी कमी होतं. पण काही औषधं झाडाच्या रसातून आत जातात, ती कुठल्याच पाण्याने निघत नाहीत. बाजारात ‘भाजी धुण्याचं द्रावण’ म्हणून महागड्या बाटल्या मिळतात, त्यांच्यावर मी एक रुपयाही घालणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या भीतीने भाजी कमी करू नये. साध्या मंडईतली धुतलेली भाजी खाणं हे भाजी न खाण्यापेक्षा केव्हाही बरं. याबाबतीत धाकटीचं बरोबर आहे आणि ती वर्गातल्या मुलांनाही हेच सांगते, याचं मला समाधान आहे.

धाकटी : यादी छान आहे तुमची. आता हे सगळं करणार कोण ते सांगा. राजगिरा निवडायला अर्धा तास. करटोली चिरायची, बिया काढायच्या. ज्वारीचं पीठ ताजं लागतं, म्हणजे गिरणीच्या खेपा. भाकरी थापायची, तीही जेवायला बसल्यावर गरम. मी साडेसहाला घरी पोचते. घरचं खाणं स्वस्त पडतं म्हणतात, ते माझ्या वेळेला शून्य किंमत धरून.

मामी : आमच्या वेळी शेतातून येऊन...

धाकटी : तुमच्या वेळी तुम्ही दमून जात होता, मामी. आजीच तर सांगायची.

मामी : दमायचेच. त्यात काय खोटं. पण भाकरी बाईनेच करायची असं कुठे लिहिलंय? तुझ्या मामांना येते भाकरी. हंगामात बागेवर मुक्काम असायचा तेव्हा शिकले. काठ थोडे फाटतात, चवीला काही फरक नाही.

याबाबत मी सर्वस्वी धाकटीच्या बाजूने आहे. आरोग्यदायी स्वयंपाकावरचे बहुतेक लेख रुपये मोजतात आणि तास सोडून देतात. हे तास एकाच माणसाच्या माथी असतील तर कुठलाही चांगला बेत दोन आठवड्यांत कोलमडतो. म्हणून आम्ही बेत वेळेच्या बाजूने मांडून बघितला. कडधान्य भिजवायला आणि मोड आणायला माणसाचे तास लागत नाहीत, रात्र लागते. मटकी आणि मूग दोन दिवसांचे एकदम भिजवावेत. मोड आले की क जीवनसत्त्वही वाढतं. उसळीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. हुलग्याचे शेंगोळे एका भांड्यात होतात, वेगळी भाजी-पोळी लागत नाही, आणि मुलं ते वळायला आनंदाने बसतात. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या आणि तूरडाळ घातली की जेवण निम्मं तिथेच झालं. लाल भोपळा कुकरला उकडून दही-दाण्याच्या कुटाचं भरीत होतं पंधरा मिनिटांत. भाकरी आठवड्यातून तीन दिवस आणि घरातल्या कुणीही करावी. उरलेल्या दिवशी पोळी, भात. पालेभाजी रविवारी सगळ्यांनी मिळून निवडायची आणि धुतल्याशिवाय कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. या यादीत एकही सेंद्रिय पाकीट नाही, आणि तरी औषधाचा बराच मोठा भाग ताटातून आपोआप गेलेला आहे.

पैसे कुठून आणायचे याचं उत्तर धाकटीच्या वहीतच सापडलं. बिस्किटं, टोस्ट, फरसाण, सकाळच्या नाश्त्याचे गोड खोके आणि बाहेरून मागवलेलं जेवण यांची बेरीज डाळींच्या बेरजेपेक्षा मोठी निघाली. त्यातलं अर्धं कमी झालं तरी डाळी-कडधान्यं निदान दीडपट होतात. तिने ते तिथल्या तिथे लिहून टाकलं.

धाकटी : आता भेंडी आणि टोमॅटोचं काय? मुलं तेच खातात. ते तरी सेंद्रिय घ्यायचं म्हटलं तर दुकानातलं खरं कशावरून?

मामी : शिक्का बघायचा. सेंद्रिय प्रमाणपत्राचं चिन्ह असतं.

धाकटी : पण तुमच्या भाजीवर कुठे आहे ते चिन्ह?

मामी : माझ्या भाजीवर नाही. लहान शेतकरी थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, फक्त ते चिन्ह लावता येत नाही. दोन मार्ग आहेत. एकात बाहेरची संस्था येऊन तपासते, त्याला खर्च येतो. दुसऱ्यात गावातले शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात, त्याला पीजीएस म्हणतात, तो लहान माणसाला झेपतो. पण त्याआधी जमीन रासायनिकवरून सेंद्रियवर फिरायला वेळ द्यावा लागतो. भाजी-धान्याला दोन वर्षं, फळबागेला तीन. या वर्षांत उत्पन्न घटतं आणि भाव मात्र साधाच मिळतो. माझा मुलगा बाग फिरवत नाही ती याचमुळे. बँकेचा हप्ता तीन वर्षं थांबत नाही. तुम्ही म्हणता सेंद्रिय महाग. ती वर्षं आमची आम्हीच काढायची का?

धाकटीकडे याला लगेच उत्तर नव्हतं. पण ती हिशोबी आहे, रक्कम दिसली की तिला मार्ग दिसतो. पुण्यात पणन मंडळाने सुरू केलेले शेतकरी आठवडे बाजार आहेत, तिथे शेतकरी आणि त्यांचे गट स्वतः उभे असतात. तिने ठरवलं ते असं. सोसायटीतली आठ-दहा घरं एकत्र करायची आणि जमीन फिरवायला निघालेला एकच शेतकरी धरायचा. त्याच्याकडून फक्त तीनचार गोष्टी घ्यायच्या, भेंडी, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, म्हणजे ज्यांच्यावर फवारा जास्त पडतो त्याच. बाकी मंडईतून. जादा पैसा तेवढ्यावरच जाईल आणि तो फिरतीच्या वर्षांतल्या माणसाला जाईल.

मामी : माझ्या अटी लिहून घे. महिन्याचे पैसे आधी द्यायचे. त्याच्या शेतात जे असेल ते घ्यायचं, जुलैत टोमॅटो मागायचा नाही. भोक पडलेली भेंडी परत करायची नाही, कापून तेवढा भाग टाकायचा. आणि वर्षातून एकदा सगळ्यांनी शेतावर जायचं, मुलांना घेऊन.

धाकटी : चालेल. पण एक विचारू? आमच्याकडे कामाला मावशी येतात. त्या रात्री मंडई बंद व्हायच्या वेळेला उरलेल्या भाजीचे वाटे घेतात. त्यांना मी काय सांगू? भेंडी टाळा, महिन्याचे पैसे आधी भरा?

मामी : त्यांना रेशनवर काय मिळतं?

धाकटी : गहू आणि तांदूळ.

मामी : आणि सोलापूरची ज्वारी व्यापारी पडत्या भावात उचलतो. ती रेशनवर द्या की.

अन्न सुरक्षा कायद्यात हे आहेच. 2013 च्या त्या कायद्यात तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरड धान्य 1 रुपया किलो असे दर होते, आणि जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे. त्याच 2023 ला संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हटलं. पण कायद्यातलं भरड धान्य रेशनच्या पिशवीत फारसं पोचलं नाही. आपल्याकडे काही जिल्ह्यांत अधूनमधून ज्वारी दिली गेली, तेवढंच.

धाकटी : नुसती ज्वारी देऊन भागत नाही, मामी. दोन घरं करून आलेली बाई रात्री भाकरी कधी थापणार? आधी डाळ द्या. महिन्याला माणशी किलो-दीड किलो डाळ. तीच शिजवायला सोपी, मुलांच्या पोटात तीच जाते.

मामी : डाळ द्या, नको कोण म्हणतं? पण ज्वारीची सरकारी खरेदी झाली नाही तर ती पेरणारा उद्या ऊस लावेल. मग तुझ्या ताटातली बिनऔषधाची भाकरीही गेली आणि त्या मावशींचीही.

यावर दोघींचं एकमत झालेलं नाही. मला विचाराल तर दोन्ही हवं, आणि या क्रमाने: आधी डाळ, लगेच आणि सगळ्या कार्डांवर; मग ज्वारी, नाचणी आणि हुलगा ज्या जिल्ह्यात पिकतो त्या जिल्ह्याच्या रेशनवर, तिथल्याच शेतकऱ्याकडून हमीभावाने घेऊन. शाळेच्या पोषण आहारात आणि अंगणवाडीतही तेच, कारण तिथे शिजवण्याचे तास आईच्या माथी येत नाहीत आणि तिथे शिजवणाऱ्या बाईला तिच्या तासांचे पैसे मिळतात. ते पैसे आज फार थोडे आहेत, तेही वाढवायला हवेत.